जोनस रिव्हर्स आणि माझे पणजोबा

आमच्या घरात जवळ्याची चटणी फक्त गुरुवारी व्हायची. गुरुवारीच का, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शुभदाकाकू गुरुवारी दुपारी जपानी भाषेच्या क्लासला जायच्या आणि पाचच्या आत परत यायच्या नाहीत, एवढंच त्याचं कारण होतं. त्या सायकलवरून कोपऱ्याआड गेल्या की आई एक्झॉस्ट लावायची, खिडकी उघडायची आणि तव्यावर ती गुलाबी सुकी कोळंबी परतायला घ्यायची. ही कोळंबी आमच्या खालच्याच सुपरमार्केटात मिळायची. आई म्हणायची, आपल्या जवळ्यापेक्षा जराशी गोड आहे, पण लसूण आणि सुकं खोबरं जास्त घातलं की कळत नाही. मी शाळेतून येईपर्यंत चटणी बरणीत, तवा घासलेला आणि घरात उदबत्ती लावलेली असायची. त्या वेळी मला यात काही वावगं दिसलं नाही. आज आठवलं की गंमत वाटत नाही. घरोघरी सुकी मासळी उकळून तिचं पाणी आमटीला वापरतात अशा देशात, माझी आई एका मराठी बाईच्या नाकापासून आपला तवा लपवत होती.

आम्ही जपानात, हिगाशी-कसाईला राहायचो. नागपूरहून आत्याचा फोन आला की ती दर वेळी हसायची, "कसाई? अरे, कसल्या गावात राहता तुम्ही?" चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बाल्कनीतून समोरच्या बिल्डिंगच्या बाल्कन्या आणि त्यांत वाळत टाकलेल्या गाद्या दिसायच्या. पाच वाजता वॉर्डाच्या लाउडस्पीकरवर मुलांनी घरी जावं म्हणून एक संथ धून वाजायची, ती ऐकून मला उगाच रडू यायचं. बाबा एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते. अशोक निमगावकर हे नाव ऑफिसातल्या जपान्यांना पेलायचं नाही, म्हणून तिथे ते 'निमू-सान' होते.

निमगावकर हे आमचं मूळ आडनाव नव्हतं. आम्ही कांबळे. आजोबांना मधुमेह होता हे जसं घरात सगळ्यांना माहीत असतं, पण त्यावर कुणी बोलत नाही, तसं मला हे माहीत होतं. कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती होती, ती नागपूरहून आलेली. शुभदाकाकू पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "किती गोड हो! कामाकुराहून आणलीत का?" आई "हो" म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमचा बुद्ध जपानी झाला. काकूंबद्दल इथेच एक सांगून ठेवते. त्या मनानं वाईट नव्हत्या. जाळायचा कचरा कुठला, न जाळायचा कुठला, बाटलीचं झाकण वेगळं का टाकायचं, हे आईला त्यांनी शिकवलं. मला ताप चढला आणि बाबा ऑफिसात होते, तेव्हा टॅक्सीत माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या त्या काकूच. त्यांची मुग्धा माझ्याच वर्गात होती. आम्ही दोघी रोज ट्रेननं कोतो भागातल्या भारतीय शाळेत जायचो आणि आमच्या दोन घरांमधले स्टीलचे डबे कधी रिकामे परत गेले नाहीत.

नववीत आम्हाला इतिहासाला नवे शिक्षक आले. रिव्हर्स सर अमेरिकन होते, काळे होते, उंचेपुरे, आणि त्यांची बायको जपानी होती. शाळेत ते सायकलवरून यायचे. एकदा पावसामुळे ट्रेननं आले तेव्हा आम्हाला म्हणाले, "गाडी खच्चून भरलेली, पण माझ्या शेजारची जागा रिकामी. मला पाय पसरायला बरं." आम्ही हसलो, कारण आमच्या वडिलांच्या शेजारची जागाही तशीच रिकामी राहायची. पण पालकांमध्ये कुजबुज झाली. आणि ती फक्त काकूंच्या घरात झाली असं म्हणायची सोय नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर बाबाच म्हणाले होते, "इतिहास शिकवायला शाळेला हाच काळा सापडला?" आईनं मान डोलावली होती. हे मला लिहायला जड जातंय, पण ते वगळलं तर पुढचं सगळं खोटं होईल.

सर धडा पुस्तकातून शिकवायचे नाहीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा धडा आला तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि आपल्या पूर्वजाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्याचं नाव जोनस. दक्षिणेतल्या एका कापसाच्या मळ्यावर तो गुलाम होता. युद्ध पेटलं तेव्हा तो आणि त्याचा धाकटा भाऊ आईला मागे ठेवून मळ्यावरून पळाले, नदी पोहून उत्तरेच्या सैन्याच्या छावणीत पोचले आणि म्हणाले, आम्हाला लढायचंय. सैन्यानं आधी त्यांच्या हातात फावडं दिलं. खंदक खणा, ओझी वाहा, बंदूक तुम्हाला झेपायची नाही. कित्येक महिन्यांनी काळ्यांची पलटण उभी राहिली, तिच्यावर अधिकारी मात्र गोरे. नाव नोंदवताना कारकुनानं आडनाव विचारलं. जोनसला आडनाव नव्हतं, मळ्याच्या मालकाचंच नाव त्याला चिकटवलेलं होतं. ते त्यानं सांगितलं नाही. नदी ओलांडून आला होता, म्हणून त्यानं 'रिव्हर्स' सांगितलं, आणि कारकुनानं ते लिहून घेतलं.

"पळून आला तेव्हाच तो मोकळा झाला होता," सर म्हणाले. "शत्रूच्या हाती सापडला तर त्याला युद्धकैदी म्हणून कुणी वागवणार नव्हतं. मारून टाकतील किंवा पुन्हा विकतील, हे त्याला ठाऊक होतं. मग तो लढायला का गेला?"

मुग्धा म्हणाली, "त्याची आई तिकडेच राहिली होती ना, म्हणून."

"ते एक झालंच," सर म्हणाले. "दुसरं असं की, कुणी तरी दिलेलं स्वातंत्र्य कुणी तरी परत घेऊ शकतं, असं त्याला वाटायचं. त्याला ते कुणाकडून नको होतं."

मातीच्या एका उंच तटावर त्याची पलटण चालून गेली. भाऊ त्या चढावरच पडला. जोनस वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं गेली. युद्ध संपल्यावर तो निळ्या कोटात, पितळी बटणं चमकवत आपल्या गावी परतला, आणि पहिल्याच दिवशी एका गोऱ्या माणसानं त्याला फुटपाथवरून खाली चिखलात उतरायला लावलं. सरांनी पाकिटातून त्याच्या फोटोची छापील प्रत काढली आणि ती बाकांवरून फिरवली. टोपी हातात धरलेला, ताठ उभा असलेला एक तरुण. माझ्याकडे ती प्रत आली तेव्हा मी ती पुढे द्यायला विसरले.

शाळेत इतिहास दिन व्हायचा. त्या दिवशी मुलांनी पालकांसमोर एकेक विषय मांडायचा असे. मी जोनस घेतला. तीन आठवडे आमच्या टेबलावर तक्ते, गोंद आणि कागदाचे कपटे पडलेले होते आणि आई आम्हाला जमिनीवर वाढत होती. एका रविवारी सकाळी बाबा माझ्या इंग्रजीतल्या चुका काढायला बसले. पहिल्या पानावर त्यांनी लाल पेननं तीन ठिकाणी खुणा केल्या, दुसऱ्या पानावर एक, आणि नंतर पेन चाललंच नाही. शेवटचं पान वाचून झाल्यावर त्यांनी कागद नीट एकावर एक लावले, पुन्हा लावले. मग म्हणाले, "सुजू, माझे आजोबाही पलटणीत होते."

मला हे माहीत नव्हतं. बाबा सांगत गेले, थांबत थांबत, माझ्याकडे न बघता. इंग्रजांच्या फौजेत आमच्या लोकांची पलटण होती. मध्येच इंग्रजांनी आमच्या लोकांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी त्यांच्यासाठी रक्त सांडलं, त्यांनाच सांगितलं की तुम्ही लढवय्ये नाही. पुढे मोठं युद्ध आलं, माणसं कमी पडली, तेव्हा पुन्हा बोलावलं. पणजोबा गेले. पहिल्या सुट्टीला गणवेशात, पायांत लष्करी बूट घालून ते निमगावला आले. चावडीपाशी चारपाच जण बसले होते. त्यांतला एक म्हणाला, बूट काढ आणि हातात घे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. काढले."

"त्यांनी काहीच केलं नाही? सैनिक होते ना ते?"

"त्यांची आई वस्तीत राहत होती, सुजू. ते परत पलटणीत जाणार, आई तिथेच राहणार." बाबांनी कागद पुन्हा सारखे केले. "वेशीबाहेर वस्ती होती, तिथे पोचल्यावर परत घातले. मरेपर्यंत त्या बुटांना पॉलिश करायचे म्हणे. गावात मात्र कधी घातले नाहीत."

मग आडनावाचंही सांगितलं. पुण्यात नोकरी लागल्यावर भाड्याची खोली बघायला गेले. खोली पसंत पडायची, मालक चहा द्यायचा, आडनाव विचारायचा, आणि मग ती खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघायची. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्यांनी अर्ज करून, गॅझेटात छापून, गावाचं नाव आडनाव म्हणून घेतलं. "चौथी खोली मिळाली," बाबा म्हणाले आणि हसले. ते हसू मला आवडलं नाही. उठताना म्हणाले, "हे घरातच ठेव हं. कुणाला सांगायचं नाही. मुग्धालाही नाही. वचन?"

मी वचन दिलं. अगदी मनापासून दिलं होतं.

इतिहास दिनाला हॉल भरलेला होता. तिसऱ्या रांगेत आई-बाबा आणि त्यांच्या शेजारी शुभदाकाकू बसल्या होत्या. मी बोलले ते चांगलंच बोलले असणार, कारण जोनसचा भाऊ पडतो त्या ठिकाणी मागची लहान मुलंसुद्धा गप्प झाली. शेवटी प्रश्नांची वेळ आली. काकूंनी कौतुकानं हात वर केला. "हाच विषय का निवडलास गं? सर आवडतात म्हणून?" सगळे हसले. सरही हसले. त्या हसण्यानं माझं काय झालं ते मी आजवर स्वतःला नीट सांगू शकलेले नाही. जोनस मी सरांना खूश करायला निवडला, असं त्यांना वाटावं हे मला सहन झालं नाही. मी चौदा वर्षांची होते आणि मला वाटत होतं की खरं बोलणं ही एकच गोष्ट असते.

मी म्हणाले, "कारण माझे पणजोबाही असेच सैनिक होते." मग बूट सांगितले. चावडी सांगितली. भारतात अस्पृश्य म्हणायचे ते आम्हीच, हे सांगितलं. आमचं आडनाव कांबळे होतं आणि बाबांना ते का बदलावं लागलं, तेही सांगितलं. खोल्या मोजून सांगितल्या. टाळ्या पडल्या, खूप पडल्या. सर उभे राहून वाजवत होते. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आई टाळ्या वाजवत नव्हती. बाबांनी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची घट्ट गुंडाळी केली होती आणि ते तिच्या भोकातून खाली जमिनीकडे बघत असल्यासारखे दिसत होते.

परतताना ट्रेनमध्ये काकू आईचा हात धरून म्हणाल्या, "अहो, सांगायचंत की आधी! आम्ही कुठे मानतो असलं काही?" आई म्हणाली, "नाही, तसं काही नव्हतं." मुग्धा माझ्याकडे नव्यानं बघत होती, जणू मी सुट्टीत कुठे तरी जाऊन आले होते. बाबा दाराशी उभे होते. गाडी अराकावाच्या पुलावर आली, चाकांचा आवाज बदलला, आणि नदी संपेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. घरी आल्यावर बूट काढता काढता एवढंच म्हणाले, "तू वचन दिलं होतंस." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते. पुढे कित्येक आठवडे ते माझ्याशी कामापुरतं बोलत राहिले. जेवायला चल. छत्री घे. एवढंच.

बाहेर मात्र काहीच बदललं नाही असं वाटत होतं. डबे येत-जात होते. मग गणपती जवळ आले. आमच्या भागातली मराठी मंडळी दर वर्षी कम्युनिटी हॉल घेऊन गणपती बसवायची, आणि नैवेद्याचे मोदक माझी आई करायची. जपानी तांदळाच्या पिठाला चिकटपणा चांगला, त्यामुळे तिच्या मोदकांच्या कळ्या कागदासारख्या पातळ यायच्या, आणि पुण्याच्या बायका तिला ती रीत विचारायच्या. त्या वर्षी काकूंचा फोन आला. आई स्वयंपाकघरात उभ्यानं बोलत होती. "अहो, दर वर्षी तुम्हालाच किती त्रास," काकू म्हणत होत्या, पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "या वेळी ना, सगळ्यांनी मिळून असं ठरवलंय... मोदक दुसऱ्या कुणी तरी बघेल. तुम्ही कागदी प्लेट्स आणि पेले आणाल का?" आई म्हणाली, "आणते की." फोन ठेवून ती बराच वेळ सिंकपाशी उभी राहिली. नळ चालू नव्हता.

ती प्लेट्स घेऊन गेली. पांढऱ्या, चांगल्या जाड. मीही गेले. बाबा आले नाहीत. हॉलमध्ये काकूंनी आईच्या पानात स्वतःच्या हातानं दोन मोदक वाढले, वर तूप घातलं, आणि त्यांचे डोळे भरलेले होते. हे मी कुणाला समजावून सांगू? त्यांना रडू येत होतं, आणि तो फोनही त्यांनीच केला होता. दोन्ही खरं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांनी ओसाकाच्या शाखेत बदली मागून घेतली. ऑफिसात कुणी काही बोललं होतं का, हे आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही. सामान बांधायला घेतलं त्या आठवड्यात रिव्हर्स सर घरी येऊन भेटायचं म्हणाले. मला वाटलं बाबा नाही म्हणतील. ते म्हणाले, "येऊ दे." त्या रविवारी सकाळी आईनं जवळा काढला. वरून काकूंच्या घरातल्या पावलांचा आवाज येत होता. आईनं एक्झॉस्ट लावला नाही. सगळ्या खिडक्या मात्र सताड उघडल्या, आणि परतत राहिली.

सर खोक्यांमध्ये मांडी घालून बसले, त्यांचे गुडघे टेबलाला लागत होते. भाकरीबरोबर चटणी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागून घेतली. मग बाबांना म्हणाले, "चूक माझी आहे. घरातल्या सैनिकाची गोष्ट सांगताना मुलांना सांगायला हवं होतं की, ती गोष्ट घरातल्या इतरांचीही असते."

बाबा ताठ बसले होते. "तुम्ही ती अभिमानानं सांगता," ते म्हणाले. "तुम्हाला काय कळणार?"

सरांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "तो फोटो माझ्या आजोबांनी आयुष्यभर पिठाच्या डब्यात लपवला होता. गावात काळ्या माणसाचा गणवेशातला फोटो सापडला तर घर जाळलं असतं. त्यांना आठ मुलं होती. मी त्यांना भित्रा म्हणत नाही."

"मग बाहेर कुणी काढला?"

"माझ्या आत्यानं. चर्चमध्ये सगळ्यांना दाखवला."

"आणि आजोबा?"

"वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत."

बाबांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "वर्षभर," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, मराठीत, "सरांना पाणी दे." साधंच वाक्य होतं, पण त्यात कामापुरतेपणा नव्हता. आज वाटतं, फोटो बाहेर काढण्यापूर्वी त्या आत्यानंही आपल्या वडिलांना विचारलं नसणार. सगळे विचारत बसले असते तर तो फोटो पिठातच कुजला असता. पण माझ्या बाबांच्या जागी मी असते तर मी बोलले असते का मुलीशी? माझं वय आता त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे, तरी मला सांगता येत नाही.

ओसाकाला गेल्यावर महिन्याभरानं बाबांच्या नव्या ऑफिसातल्या एका मराठी गृहस्थांनी आम्हाला जेवायला बोलावलं. सातआठ माणसं होती, सगळी अनोळखी. वरण-भात चालू असताना यजमान सहज म्हणाले, "निमगावकर म्हणजे कुठले हो तुम्ही? मूळ आडनाव काय?" मला हा प्रश्न दुरूनच ओळखू येतो. मी मान खाली घातली, ओठ घट्ट मिटले आणि भात कालवत राहिले. मला जाणवत होतं की बाबा माझ्याकडे बघतायत, मी काही बोलते की काय म्हणून.

"कांबळे," बाबा म्हणाले. "निमगाव आमचं गाव. माझे आजोबा पलटणीत होते."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. फार वाईट सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. चावडीपर्यंत आले आणि तिथून एकदम पेन्शनवर गेले. यजमान "अच्छा, अच्छा" म्हणाले, त्यांच्या बायकोनं कोशिंबीर पुढे केली, आणि कुणी तरी विमानाच्या तिकिटांचा विषय काढला. जेवण संपेपर्यंत आमच्याशी सगळे जरा जास्तच गोड बोलले.

स्टेशनकडे चालताना आई पुढे होती. बाबा माझ्या बाजूनं चालत होते, हात कोटाच्या खिशात. सिग्नल लागला, आम्ही थांबलो. समोर गाड्या जात राहिल्या.

"मधलं राहूनच गेलं," बाबा म्हणाले. "पुढच्या वेळी नीट सांगेन."